टाकीत पेट्रोल होतं, तरी इंजिन बंद पडलं

या भागाचं लेखी रूप मागणारे बरेच जण होते, कारण ऐकताना आकडे आणि टाक्यांची नावं डोक्यात राहत नाहीत. म्हणून बोललेलं थोडं नीट करून इथे देतोय. बोलण्याच्या ओघात आलेली 'म्हणजे' आणि 'ना' जमेल तेवढी काढली आहेत, पण सगळी निघालेली नाहीत.

सुरुवात मामीच्या फोनपासून. माझी मामेबहीण बारावीनंतर पायलट व्हायचं म्हणून हटून बसली होती. आता तिचं ट्रेनिंग सुरू झालंय, आणि थोड्याच दिवसांत ती एकटी लांबचं उड्डाण करणार आहे. म्हणजे एका विमानतळावरून उडायचं, दुसरी दोन-तीन ठिकाणं गाठायची आणि परत यायचं. शेजारी शिकवणारा नाही. मामीने मला रात्री साडेदहाला फोन केला. "अरे, तू इंजिनिअर आहेस ना? मला एक सांग, विमानाचं पेट्रोल मधेच संपू शकतं का?"

मी सॉफ्टवेअरवाला. विमानाशी माझा संबंध खिडकीची सीट मागण्यापुरता. पण मामीचा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. २५ जुलै २०२२ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत, एक छोटं सेसना १५२ विमान शेतात कोसळलं होतं. बारामतीहून उडालेलं, आत एकटी २२ वर्षांची शिकाऊ पायलट. ती वाचली, किरकोळ जखमा झाल्या. शेतात पडलेल्या विमानाचे फोटो तेव्हा सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरत होते. मामीने तो फोटो तेव्हा पाहिला होता आणि मुलीची फी भरताना तो तिला परत आठवला.

तो अपघात का झाला, हा आजचा विषय नाही. आजचा विषय मामीचा प्रश्न. तिला मी तेव्हा म्हटलं, "मामी, उद्या सांगतो." त्या 'उद्या'ला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे वाचलं, ते हा भाग.

आधी बाईक घेऊ

ज्यांनी जुनी स्प्लेंडर किंवा सीडी १०० चालवली आहे, त्यांना हे लगेच कळेल. टाकीखाली डाव्या बाजूला पेट्रोलचा कॉक असायचा. ऑन, रिझर्व्ह, ऑफ. गाडी ऑनवर चालवायची. पेट्रोल कमी झालं की गाडी गचके द्यायला लागायची, मग चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून, न बघता, कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. दोन सेकंदांत इंजिन पुन्हा सुरळीत.

रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नसायची. एकाच टाकीत दोन नळ्या: ऑनची नळी जरा उंच, रिझर्व्हची तळाशी. उंच नळीच्या खाली पातळी गेली की ऑनवर पेट्रोल येत नाही, पण तळाला शिल्लक असतं.

आता एक प्रसंग. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बाबांची स्प्लेंडर घेऊन मी साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना गाडीने गचके दिले. डावा हात खाली गेला, आणि कॉक आधीच रिझर्व्हवर! आदल्या आठवड्यात रिझर्व्ह लागलं होतं, नंतर पेट्रोल भरलं, पण कॉक परत ऑनवर आणायचा राहिला. म्हणजे आठवडाभर मी रिझर्व्ह खात फिरत होतो आणि मला वाटत होतं की माझ्याकडे रिझर्व्ह आहे. घाटात दीड-दोन किलोमीटर गाडी ढकलली. पायांत गोळे आले, बाकी काही झालं नाही.

विमानात हाच कॉक असतो. फक्त गाडी बाजूला घेऊन ढकलता येत नाही.

संपणं वेगळं, न पोचणं वेगळं

विमान अपघातांच्या तपासात इंधनावरून इंजिन बंद पडण्याचे दोन सरळ प्रकार करतात. पहिला फ्युएल एक्झॉशन: विमानात वापरता येईल असं इंधन उरलेलंच नाही. दुसरा फ्युएल स्टार्व्हेशन: इंधन आहे, पण इंजिनापर्यंत पोचत नाही. नळीत पाणी किंवा कचरा, पंप बंद, किंवा सगळ्यात साधं कारण, कॉक चुकीच्या टाकीवर.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसरा प्रकार मला खोटाच वाटला. टाकी भरलेली असताना इंजिन बंद पडू देईल असा माणूस असेल कसा? पण खंबाटकीची आठवण झाली आणि गप्प बसलो.

छोट्या विमानात इंधन साधारणपणे पंखांत असतं. एक टाकी डाव्या पंखात, एक उजव्या. सेसना १५२, ज्यावर आपल्याकडे हजारो पायलट शिकले, तिचे पंख केबिनच्या वर असतात. त्यामुळे पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, दोन्ही टाक्यांतून एकदमच. पायलटला फक्त चालू आणि बंद असा एक खटका. मोठी भावंडं सेसना १७२ वगैरे, त्यांच्यात डावी, उजवी आणि दोन्ही असा तीन घरांचा कॉक असतो. बहुतेक वेळ 'दोन्ही'वर ठेवायचा.

पण पाइपर चेरोकीसारख्या विमानांचे पंख केबिनच्या खाली असतात. पेट्रोल वर चढवायला पंप लागतो. दोन टाक्यांतून एकदम ओढलं आणि त्यातली एक रिकामी झाली, तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढेल. दोन स्ट्रॉ घालून शहाळं पिताना एक स्ट्रॉ पाण्याबाहेर आला की काय होतं, तेच. म्हणून अशा विमानांत 'दोन्ही' हे घरच नसतं. डावी किंवा उजवी. पायलटने घड्याळ बघून, ठरावीक वेळाने, टाकी बदलत राहायची. नाही बदलली तर एका बाजूचं वजन वाढतं, आणि शेवटी एक टाकी कोरडी पडून इंजिन बंद होतं, दुसरी टाकी भरलेली असताना.

म्हणजे काही विमानांत पेट्रोलची व्यवस्था आपोआप होते आणि काही विमानांत ती माणसाच्या आठवणीवर सोडलेली आहे. आमच्या धंद्यात ज्या गोष्टी माणसाच्या आठवणीवर सोडलेल्या असतात, त्या शुक्रवारी संध्याकाळी बिघडतात. विमानात त्या कधी बिघडतात ते आता बघू.

१२ ऑक्टोबर १९९७

जॉन डेन्व्हर हे नाव ऐकलं नसेल, तर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटारवाल्या पोरांनी हमखास म्हटलेलं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' आठवा. त्याचा हा मूळ गायक. डेन्व्हर हौशी पायलट होता, आणि नुसता हौशी नाही, २,७०० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव असलेला. वय ५३.

त्याने नुकतंच एक लाँग-ईझेड विमान विकत घेतलं होतं. बर्ट रुटान या अमेरिकन डिझायनरने नकाशे करून दिलेलं, लोकांनी घरी बांधायचं दोन सीटचं विमान. दिसायला वेगळंच: छोटे पंख पुढे, मोठे पंख मागे, पंखा शेपटीकडे. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते अनेकांना आठवत असेल. अमेरिकेत असं घरी विमान बांधणारे खूप आहेत आणि ते कायद्याने चालतं. पण त्यात एक गोष्ट असते. कारखान्यातली हजार विमानं एकसारखी असतात, घरी बांधलेलं प्रत्येक विमान थोडं वेगळं असतं.

या विमानाच्या बांधणाऱ्याने एक बदल केला होता. मूळ नकाशात इंधनाचा कॉक पायलटच्या समोर, हाताशी होता. बांधणाऱ्याला पेट्रोलची नळी केबिनमध्ये नको होती. गळती झाली तर आग लागेल, अशी भीती. विचार वाईट नव्हता. म्हणून त्याने कॉक मागे हलवला, पायलटच्या डाव्या खांद्यामागे, पाठीमागच्या भिंतीवर.

आता खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा. उजव्या हातात विमानाची दांडी आहे, असं समजा. डाव्या खांद्यामागची कळ फिरवायची आहे. तपासात हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. आधी उजवा हात दांडीवरून काढावा लागत होता. मग खांद्याचा पट्टा सोडावा लागत होता. मग कमरेपासून अंग डावीकडे जवळजवळ ९० अंश वळवायचं, आणि मग कळ फिरवायची. असं वळताना आधारासाठी माणूस नकळत उजवा पाय ताणतो. आणि उजव्या पायाखाली काय असतं? उजवा रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक उजवीकडे वळवणारा.

एवढ्यावर भागत नाही. कळीवर कुठलीही खूण नव्हती. कळ वर म्हणजे बंद, खाली म्हणजे उजवी टाकी, आणि उजवीकडे म्हणजे डावी टाकी. हे परत वाचा. मी तीनदा वाचलं. इंधन किती आहे ते दाखवणाऱ्या पारदर्शक नळ्या मागच्या सीटजवळ होत्या, पायलटला सरळ दिसत नव्हत्या.

डेन्व्हरला हे सगळं माहीत होतं. उड्डाणाच्या आधी मॉन्टरे विमानतळावर तो तिथल्या तंत्रज्ञाशी याच कळीबद्दल बोलला. दोघांनी पकड लावून कळ लांब करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मागच्या नळ्या बघता याव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला. तंत्रज्ञाने नळ्या बघून सांगितलं, उजव्या टाकीत अर्ध्यापेक्षा कमी, डावीत पावपेक्षा कमी. पेट्रोल भरायचं का असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाला, तासभरच उडणार होता. हवेत टाकी बदलायची वेळ आली तर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि मग कळ फिरवीन, हेही त्याने सांगितलं.

संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास तो उडाला. धावपट्टीला चाकं टेकवून लगेच परत उडायचं, असा सराव तीनदा केला. मग समुद्राकडे गेला. साडेपाचच्या आतबाहेर, पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी विमान खाली येताना पाहिलं. साधारण ३५० ते ५०० फूट उंची. काहींनी 'फट्' असा आवाज ऐकला, मग इंजिनाचा आवाज मंदावला, आणि विमान तिरपं होऊन पाण्यात गेलं. डेन्व्हर जागीच गेला. अवशेष बाहेर काढले तेव्हा कॉक मधल्याच स्थितीत सापडला, धड या टाकीवर नाही, धड त्या टाकीवर नाही.

दोष कोणाचा, या प्रश्नाचा उपयोग किती?

अमेरिकेत अशा अपघातांचा तपास नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड करतं. त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये आला. डेन्व्हरच्या रक्तात दारू नव्हती. त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र वैध नव्हतं, म्हणजे नियमाने त्याने उडायलाच नको होतं. पण विमान पडलं ते त्यामुळे नाही. बोर्डाचं म्हणणं असं की कळ फिरवण्याच्या धडपडीत पायलटचं लक्ष विमान चालवण्यावरून गेलं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि विमान ताब्यातून सुटलं. त्यासोबत बोर्डाने आणखी गोष्टी लिहिल्या. बांधणाऱ्याने खूण नसलेली कळ अवघड जागी नेली. डेन्व्हरने उड्डाणाआधीची तयारी पुरेशी केली नाही, विशेषतः पेट्रोल भरून घेतलं नाही. या प्रकारच्या विमानाचं त्याला मिळालेलं शिक्षण अपुरं होतं. आदल्या दिवशीची जेमतेम अर्ध्या तासाची ओळख.

आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी एक बैठक होते. चांगल्या टीममध्ये त्या बैठकीत 'कोणी केलं' असं विचारत नाहीत, 'कसं होऊ शकलं' असं विचारतात. कारण 'अमक्याने चुकीचं बटण दाबलं' असं लिहून बैठक संपवली, तर बटण तिथेच राहतं आणि पुढच्या महिन्यात दुसरा अमका ते दाबतो.

हा अपघात तसा वाचला तर काय दिसतं? बांधणाऱ्याने आगीची जोखीम कमी केली आणि नकळत दुसरी जोखीम उभी केली. ही दुसरी जोखीम रोज दिसत नव्हती, कारण टाकी भरलेली असेल तर कळीला हात लावावाच लागत नाही. ती फक्त एकाच वेळी दिसते, इंजिन गचके देतं तेव्हा. आणि नेमक्या त्याच वेळी पायलटकडे वेळ, उंची आणि मोकळे हात, तिन्ही नसतात. डेन्व्हरचा बेत ऑटोपायलटचा होता. तो बेत तीन हजार फुटांवर चालला असता. चारशे फुटांवर त्याला अर्थ नव्हता.

आणि पेट्रोल भरायला नको म्हणणं? त्या टाक्या वरपर्यंत भरल्या असत्या, तर त्या संध्याकाळी कळीला हात लावायची वेळच आली नसती. दहा मिनिटांचं काम होतं. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. कारण नको म्हणणं मला माहीत आहे. 'एवढ्यासाठी कशाला', 'परत येताना भरू'. खंबाटकीच्या आधी शिरवळला पंप होता, मीही थांबलो नव्हतो.

मोठ्यांचंही चुकतं

इथे कोणाला वाटेल की हे छोट्या विमानांचे आणि हौशी पायलटांचे प्रकार. तर दोन उदाहरणं थोडक्यात.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, त्या वेळी नवंकोरं विमान. कॅनडा तेव्हा पौंडाकडून किलोकडे जात होता. विमानाचं इंधन दाखवणारं यंत्र बिघडलेलं, म्हणून पट्टी बुडवून मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला साधारण ०.८ ने गुणायला हवं. त्यांनी १.७७ ने गुणलं. तो आकडा लिटरचे पौंड करण्याचा होता. उत्तर आलं १३,५९७, आणि ते किलो समजले गेले. २०,००० लिटरच्या आसपास भरायला हवं होतं, तिथे ४,९१७ लिटर भरलं. ४१,००० फुटांवर असताना इंधन कमी पडलं, आणि मग दोन्ही इंजिनं बंद. आकडा बरोबर, गुणाकार बरोबर, फक्त एकक चुकलं. कुठल्याही प्रोग्रामरला हे वाचून घाम फुटेल.

दुसरं आपल्या देशातलं. १५ नोव्हेंबर १९९३, इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए३००, मद्रासहून हैदराबाद. हैदराबादला नीट दिसत नव्हतं म्हणून उतरणं सोडून पुन्हा वर घेतलं, आणि पंखांचे फ्लॅप बाहेर असतानाच अडकले. विमान मद्रासकडे परत निघालं. पण फ्लॅप बाहेर म्हणजे हवेचा अडथळा जास्त, वेग कमी, आणि इंधनाचा खर्च नेहमीपेक्षा कितीतरी अधिक. नेहमीच्या हिशोबाने पोचायला हवं होतं, पण विमान नेहमीच्या अवस्थेत नव्हतं. इंधन संपलं आणि तिरुपतीजवळ भाताच्या शेतात ते उतरवावं लागलं. २६२ जण होते. सगळे वाचले.

म्हणजे तीन अपघात, तीन प्रकार. एकात इंधन होतं पण कॉक चुकला. एकात मोजणी चुकली. एकात मोजणी झाली तेव्हा बरोबर होती, नंतर परिस्थिती बदलली आणि हिशोब पुन्हा केला गेला नाही.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडतं का?

नाही. मामीला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही, तुमचाही कदाचित बसणार नाही. म्हणून हडपसरला जा. तिथलं ग्लायडिंग सेंटर पुणेकरांना रस्त्यावरून माहीत असतं. ग्लायडरला इंजिनच नसतं. विंचने दोर ओढून वर पाठवतात, दोर सुटतो, आणि ग्लायडर आरामात गोल फिरून परत येतो. ते बोइंग आठवतंय ना? त्याचा कप्तान बॉब पिअर्सन हा ग्लायडरही चालवणारा होता. त्याने एवढं मोठं विमान इंजिनाविना तरंगवत गिमली नावाच्या गावातल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातले ६९ च्या ६९ जण वाचले.

सेसनासारखं छोटं विमान इंजिन बंद झाल्यावर दर १,००० फूट उंचीमागे साधारण पावणेतीन किलोमीटर पुढे तरंगत जातं आणि त्याला दीड मिनिटाच्या आसपास लागतात. म्हणजे डेक्कनवर इंजिन बंद पडलं तर स्वारगेटच्या जवळपास. तीन हजार फुटांवर असाल तर चार-साडेचार मिनिटं मिळतात. चारशे फुटांवर असाल तर अर्धं-पाऊण मिनिट.

या मिनिटांत काय करायचं, ते शिकाऊ पायलटकडून इतक्यांदा घोटून घेतात की झोपेत विचारलं तरी सांगतील. पहिलं काम वेग राखणं. सेसना १५२ साठी ६० नॉट. नाक वर ओढून उंची वाचवायचा मोह होतो, तो जीव घेतो. दुसरं, उतरायला शेत निवडणं. तिसरं, मग कॉक बघणं, टाकी बदलणं, पंप असेल तर लावणं, मिश्रण बघणं. क्रम महत्त्वाचा. आधी विमान, मग कॉक. डेन्व्हरच्या विमानात हा क्रम पाळणं जवळजवळ अशक्य करून ठेवलेलं होतं, कारण कॉक धरायचा तर विमान सोडावं लागत होतं.

मग हे टाळतात कसं?

मामेबहिणीला विचारलं. ती म्हणाली, "दादा, आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात, काट्यावर विश्वास नाही ठेवायचा." छोट्या विमानातला इंधनाचा काटा अंदाजापुरता. ती उड्डाणाआधी शिडीवर चढते, टाकीचं झाकण उघडते आणि पट्टी बुडवून मोजते. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल नमुन्याच्या पेल्यात काढते. निळं असेल तर बरोबर, कारण या इंजिनांच्या १०० एलएल पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. तळाशी वेगळा थेंब दिसला तर पाणी. झाकण घट्ट लावलं की नाही ते स्वतः बघते, दुसऱ्याने सांगितलं तरी.

मग घड्याळ. सेसना १५२ मध्ये वापरण्याजोगं इंधन साधारण ९२ लिटर, तासाला खर्च साधारण २२-२३ लिटर. म्हणजे कागदावर चार तास. पण हा कागद टाकी पूर्ण भरलेली असेल, वारा समोरून नसेल आणि मिश्रण नीट पातळ केलेलं असेल, तेव्हाचा. म्हणून उडायच्या आधीच ठरवायचं की अमुक वाजता, काटा काहीही सांगो, मी जमिनीवर असेन. अमेरिकेच्या नियमात दिवसा पोचल्यावर किमान ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन शिल्लक राहील असा हिशोब करूनच निघायचं असतं. अनुभवी लोक सरळ तासभराचं धरतात.

आणि टाकी बदलायची असेल तर उंचावर, शांतपणे, शक्यतो खाली विमानतळ असताना. उडताना किंवा उतरताना नाही. बदलल्यावर लगेच दुसरं काम हातात घ्यायचं नाही. इंजिन नव्या टाकीवर नीट चालतंय ना, ते थोडा वेळ ऐकत बसायचं.

मी तिला विचारलं, "आणि कोणी म्हणालं की एवढं पेट्रोल पुरेल, निघ, उशीर होतोय, तर?"

ती म्हणाली, "तर मी म्हणते, मला मोजू दे."

मंडळी, मी दहा वर्षं कोड लिहितोय, कॉलेज धरून. एवढं सरळ वाक्य मला अजून एकाही बैठकीत म्हणता आलेलं नाही.

मामीला शेवटी फोन केला. टाक्या, कॉक, हडपसर, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे संपू शकतं." मी म्हटलं, "हो मामी, संपू शकतं. पण ते अचानक संपत नाही. आधी कोणीतरी मोजायचं सोडतं." ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ती लहानपणी डब्यातल्या पोळ्या मोजून न्यायची रे. एक कमी असली तर परत यायची."

मग माझी काळजी जरा कमी झाली. तिची झाली की नाही, ते मी विचारलं नाही.

आजच्यापुरतं एवढंच. गाडीवर ऐकत असाल, आणि गाडी जुनी असेल, तर पुढच्या सिग्नलला एकदा कॉक बघून घ्या. पुढच्या भागात भेटू.